जागा आहे का?

तपासनिसाने बूट काढून खाटेखाली सरकवले, गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या खिशात कोंबलं आणि चार नंबरच्या खोलीतल्या खाटेवर तो उताणा झोपला.

"दुसरी उशी देऊ का, साहेब?" व्यवस्थापिकाताईंनी विचारलं.

"नको. आहे तीच राहू दे."

"नाही, ही काकांची आहे म्हणून म्हटलं."

काकांना जाऊन बरेच महिने झाले होते. पण उशीला धुतलेला अभ्रा होता, चादरीवर इस्त्रीच्या घड्या होत्या आणि उशाशी स्टुलावर पाण्याचा पेला झाकून ठेवलेला होता. तपासनिसाने कोपर न उचलता हात पुढे केला. पेला हाताला लागला. त्याने आजवर अपंगांचे जेवढे निवास तपासले होते त्यांत जिवंत माणसांच्या खाटेपासूनही पाणी इतकं जवळ क्वचितच सापडलं होतं.

रबरी चपला कुचकुच वाजवत मावशी आत आल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी स्टुलावर ठेवला आणि त्याचा कान डावीकडे वळवला.

"हा कुणासाठी?" तपासनिसाने झोपल्या झोपल्या विचारलं.

"काकांसाठी. डावखुरे ना ते."

"काका वारलेत ना?"

"हो ना," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर आता साखर घालते. आधी डॉक्टरांनी बंद केली होती."

मग त्यांनी त्याला डोक्यापासून मोज्यांपर्यंत न्याहाळलं. या खाटेवर कुणी दिसण्याचं त्यांना फारसं नवल वाटलेलं नव्हतं.

"साहेबांना वेगळा आणू, की हाच घेताय?"

ताईंनी डोळे वटारले तशा मावशी चपला वाजवत निघून गेल्या.

तक्रार फोनवर आली होती. कार्यालयातल्या कारकुनाने ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती: सदर निवासात मृत व्यक्तीला चहा, बिछाना आणि तत्पर सेवा मिळते, जिवंत माणसं मात्र बाहेर ताटकळत आहेत. खाली त्याने शेरा मारला होता, 'तक्रारदार नाव सांगत नाही. बोलताना हसत होता.' कार्यालयात हा कागद दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. सगळे पोट धरून हसले आणि संध्याकाळी तो, ज्या तपासनिसाच्या हद्दीत हा निवास येत होता त्याच्या टेबलावर येऊन थांबला.

"जरा शांत बसू या," तपासनीस ताईंना म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

ही त्याची पद्धत होती. बाकीचे तपासनीस टेप लावून दारांची रुंदी मोजत, संडासातले आधाराचे दांडे हलवून बघत, उताराची रॅम्प पायाने चाचपत. तो हे सगळं करायचाच, वर खाटेवर झोपायचाही. उभ्याने बघितलं तर निवास दिसतो. इथे राहणाऱ्याला काय दिसतं ते झोपूनच कळतं. खात्यात त्याला 'शयनतपासनीस' म्हणायचे. त्याच्या अंगावरचा शर्ट दुपारनंतर नेहमी पाठीकडून चुरगळलेला असे.

ही पद्धत त्याला त्याच्या दादाकडून मिळाली होती. दादाचं मानेखालचं शरीर तरुणपणीच एका अपघाताने नेलं होतं. घर लहान, म्हणून दादाची खाट कपाटाला लागून. "कपाटाची डावी बाजू मला तोंडपाठ आहे," दादा म्हणायचा. "उजवीकडे काय आहे तेवढं एकदा कुणीतरी येऊन सांगा." आईने त्याला इतकी वर्षं उचललं, पुसलं, भरवलं. आता तिची पाठ गेली होती. डॉक्टरांनी तिला बादलीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि दादा बादलीपेक्षा बराच जड होता. तपासनीस कामावर जायच्या आधी आणि आल्यावर जमेल तेवढं करी. पण मधला दिवस कुणाचा, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या पायात येत होता.

"तू रोज एवढे निवास बघतोस," आई म्हणायची, "त्यात एक धड सापडू नये?"

दादाला जायचं होतं. त्याने तसं स्वच्छ सांगितलं होतं. "तुमच्या घरात मी आता सामान झालोय. तिथे निदान माणसांत माणूस होईन." पण तपासनीस घरी येऊन रोज एकेक निवास निकालात काढी. एकाची रॅम्प फार उभी. एकाचा पंखा कुरकुरतो. एकाच्या भिंतींचा हिरवा रंग दादाला आवडला नसता.

"रंगासाठी नापास केलंस?" दादाने विचारलं होतं. "मग माझे डोळे जाईपर्यंत थांबू या का?"

चार नंबरच्या खोलीत पंखा कुरकुरत नव्हता. भिंती पांढऱ्या होत्या. खाटेच्या डाव्या अंगाला खिडकी, आणि खिडकीतून रस्त्यापलीकडचा बसथांबा अख्खा दिसत होता. एक बाई थांब्याच्या बाकावर बसून पिशवीतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढत होती आणि पुन्हा आत भरत होती. बस आली, गेली. बाई तशीच. दादाला ही बाई दिवसभर पुरली असती. संध्याकाळपर्यंत त्याने तिचं लग्न, सासर, भांडण, सगळं रचून ठेवलं असतं.

तपासनीस घाईघाईने काहीतरी खोट शोधू लागला.

आणि अशा प्रत्येक खाटेवर येई तसा तो आवाज आलाच. छताकडून, भिंतीकडून, उशीतून, कुठूनही. *जागा आहेस का?*

दादाला रात्री कूस बदलून द्यावी लागे. भिंतीपलीकडून तो हळूच विचारायचा, "जागा आहेस का?" हाक नाही, हुकूम नाही, फक्त चौकशी. झोपला असशील तर राहू दे, अशी. तपासनीस उठून जाई. हल्ली कधी कधी मात्र तो उठत नसे. डोळे मिटून, श्वास एका लयीत ठेवून पडून राही. पलीकडून दुसऱ्यांदा कधी विचारलं जात नसे. सकाळी दादा म्हणे, "झोप लागली ना छान?" आणि त्यात टोमणा कसा तो नसे. टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं.

तो उठून बसला.

"या खोलीची घंटा अजून वाजते म्हणतात," तो ताईंना म्हणाला.

"वाजते, साहेब. खोटं कशाला बोलू?" ताई खुर्चीच्या कडेला टेकल्या. दमलेल्या दिसत होत्या, पण लपवाछपवी करणाऱ्यातल्या वाटत नव्हत्या. "दुपारची वाजते. दोन छोट्या, एक लांब. काका ट्रकवर होते, पाय जायच्या आधी. हॉर्न मारल्यासारखी घंटा वाजवायचे. तशीच वाजते अजून."

"इलेक्ट्रिशियनला दाखवलंत?"

"दाखवलं तर. दोनदा म्हणाला, वायर खराब आहे. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांदेखत वाजली. तेव्हा म्हणाला, वायर अगदी ठीक आहे. आणि गेला. पक्कड इथेच राहिलीय त्याची, न्यायलासुद्धा आला नाही."

"मग ही खाट दुसऱ्याला का देत नाही? यादी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. पण देऊ कशी?" ताईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटी तपासनिसाच्याच खात्याची होती. घंटा वाजताच सेवकाने तत्काळ खोलीत जावे, कोणतीही घंटा दुर्लक्षिली जाऊ नये. "तुमचाच नियम. घंटा वाजली की आम्ही जातो. घंटा वाजते म्हणजे वाजवणारा आहे. वाजवणारा आहे म्हणजे खाट रिकामी नाही. तुम्ही एकदा म्हणा, रिकामी आहे. उद्या देते. माझ्या तोंडून नाही निघत."

या तर्कात खोट काढायला तपासनिसाने थोडा वेळ घेतला. सापडली नाही. या निवासात काही म्हणजे काही सापडत नव्हतं.

"शेजारच्या खोलीत बोलून येतो," तो म्हणाला आणि मोज्यांवरच चालू लागला.

पाच नंबरमध्ये राहणाऱ्या बाईला सगळे कलेक्टर म्हणत. चाळिशीची, बारीक अंगाची, मागे कललेल्या चाकाच्या खुर्चीत बसलेली. हातपाय तिचं काही ऐकत नव्हते, म्हणून ती बाकी सगळ्यांना ऐकायला लावी. तिच्या ओठांजवळ एका वाकवता येणाऱ्या दांडीवर प्लॅस्टिकची नळी बसवलेली होती.

"तुम्हीच का ते?" ती म्हणाली. "झोपायचा पगार घेणारे?"

"मीच."

"बूट कुठायत?"

तपासनिसाने पायांकडे पाहिलं. "खाटेखाली राहिले."

"म्हणजे खाट भरली. आणि ड्रायव्हरकाकांना पाय नव्हते. बूट बघून त्यांना काय वाटेल याचा तरी विचार करायचा."

तो खुर्ची ओढून बसला आणि ठरलेला प्रश्न ठरलेल्या आवाजात विचारला. ताई दाराबाहेरच थांबल्या होत्या. हा प्रश्न विचारताना व्यवस्थापनाने आत थांबायचं नसतं.

"इथल्या सेवेबद्दल काही तक्रार आहे?"

"आहे. माझ्याआधी मेलेल्या माणसाकडे जातात."

"म्हणजे?"

"इकडे सरका. ही नळी बघा. यात फुंकलं की बाहेर घंटा वाजते आणि फळ्यावर खोलीचा दिवा लागतो. वायर ओढणाऱ्याने काय गोंधळ घातलाय कुणास ठाऊक, माझी फुंकर चार नंबरला लागते. मावशी चारमध्ये पळतात. मग मी इथून ओरडते, आलाच आहात तर पाणी द्या."

तपासनिसाने पेनचं टोपण काढलं. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. दुसऱ्याच क्षणी तिथे दुसरं काहीतरी येऊन बसलं. वायर चुकीची म्हणजे खोट. खोट म्हणजे दुरुस्तीपर्यंत नवा माणूस नको.

"हे तुम्ही ताईंना सांगितलं नाही?"

"वेडी आहे का मी? माझ्या नावाने घंटा वाजायची तेव्हा 'आले, आले' व्हायचं. आता काकांच्या नावाने वाजते तर चपला हातात घेऊन पळतात. मी मेले की माझ्या नावानेही पळतील म्हणा. पण तेव्हा मला पाणी नको असेल."

"म्हणजे दोन छोट्या, एक लांब, ते सगळं तुम्हीच."

"छोट्या माझ्या," कलेक्टर म्हणाली. "लांब मला जमत नाही. छातीत तेवढी हवाच नाही. बघा."

तिने नळी ओठांत धरली, गाल फुगवले आणि फुंकलं. बाहेर घंटा 'टिंग' करून थांबली, शिंक अर्धवट राहावी तशी. लगेच व्हरांड्यात रबरी चपला धावल्या, शेजारच्या खोलीत शिरल्या आणि मावशींचा आवाज आला, "काय हवंय, काका?"

"मावशी!" कलेक्टरने हाक मारली. "आलाच आहात तर पाणी द्या!"

मावशी आल्या. धापा टाकत त्यांनी नळीची दांडी हाताने पार मागे वळवली आणि पेला तिच्या ओठांना लावला. दोन घोट झाल्यावर कलेक्टर म्हणाली, "मावशी, यादीतल्या त्या माणसाचं साहेबांना सांगा ना. जागा-जागावाल्याचं."

"अगं, साहेबांना काय त्याचं!"

"सांगा हो. तेवढेच हसतील. आल्यापासून चेहरा बघा कसा केलाय."

मावशींनी पदराने तिची हनुवटी पुसली. "रोज दुपारी फोन करतो तो. नाव ताईंकडे असेल, मला नाही माहीत. पहिल्यांदा फोन मीच घेतला. तर एकदम विचारतो, जागा आहे का? मला वाटलं काकांचा कुणी पाहुणा, काका जागे आहेत का विचारतोय. मी म्हटलं, जागाच असतो हो, झोपतोय कुठला! आत्ताच घंटा वाजवलीन."

कलेक्टर आधीच हसू लागली होती. तिचं हसणं बिनआवाजाचं होतं, फक्त नाकपुड्या हलत.

"तो म्हणतो, मग जागा नाही म्हणा की. मी म्हटलं, आहे म्हणतेय ना! कितीदा सांगू? तर म्हणतो, मग मी येऊ? मी म्हटलं, या की, पण ते काही बोलणार नाहीत, वारलेत ते. झालं. पलीकडे एकदम गप्प. आणि मग हसायला लागला, इतका हसला, इतका हसला की ठसका लागला त्याला. मी घाबरले. म्हटलं, एक गेला, आता हा दुसरा फोनवरच जातोय."

"तेव्हापासून रोज," कलेक्टर म्हणाली. "तुमचं भूत जागा सोडतंय का, विचारतो. मावशी फोन माझ्या कानाला लावतात मग."

तपासनीस हसला नव्हता. त्याने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आवाज कसा आहे त्याचा?"

"घोगरा," मावशी म्हणाल्या. "मधे मधे थांबतो. दम लागतो बहुतेक. पण तोंड बंद नाही."

"काय म्हणतो अजून?"

"म्हणतो, एका कपाटाची डावी बाजू पाठ झालीय, आता उजवीची परीक्षा द्यायची आहे," कलेक्टर म्हणाली. "म्हणजे काय ते काही सांगत नाही. मी म्हटलं, इथे खिडकी आहे, बसथांबा दिसतो. तर म्हणाला, थांब्यावर कोण असतं ते रोज कळवत जा, मी येईपर्यंत. पिशवीवाल्या बाईचं आम्ही लग्न लावून दिलंय. नवरा बसमध्ये विसरलाय तिचा."

बाहेर एक बस थांबली आणि गेली.

"घरी कोण कोण आहे त्याच्या?" तपासनिसाने विचारलं. पुढे काय उत्तर येणार हे ज्याला माहीत असतं त्याच्यासारखं, खिडकीकडे बघत.

"आई आहे, तीच फोन लावून देते. पाठ गेलीय तिची. आणि एक भाऊ." कलेक्टरने जरा आठवून पाहिलं. "भावाबद्दल फारसं बोलत नाही. एकदा म्हणाला, भाऊ रात्री झोपेचं सोंग फार छान घेतो. बिचारा घोरायचं तेवढं विसरतो."

पेन खाली पडलं. ते घरंगळत कलेक्टरच्या चाकापाशी गेलं आणि ते उचलायला तपासनीस वाकला, तो बराच वेळ वाकूनच राहिला.

"साहेब?" मावशी म्हणाल्या. "कमरेत उसण भरली का?"

"नाही."

"हसणाऱ्या माणसांचं असंच असतं," कलेक्टर छताकडे बघत म्हणाली. तिचा आवाज आता दरारा बसवणारा नव्हता. "ज्याला सोडवत नाही ना साहेब, त्याला कुणीतरी बाहेरूनच बोलवावं लागतं. कधी कधी तर तक्रार करून."

तेवढ्यात घंटा वाजली.

एक छोटी. दुसरी छोटी. मग लांब, अगदी लांब, चढावर अडकलेल्या गाडीला मागून ट्रकवाल्याने हॉर्न द्यावा तशी.

तिघांनीही आधी नळीकडे पाहिलं. ती दांडीवर मागे वळवलेली होती, कलेक्टरच्या ओठांपासून हातभर दूर. तिथे ती नुसती लटकत होती.

"सांगितलं ना, लांब मला जमत नाही," कलेक्टर म्हणाली.

मावशी उठायच्या आत तपासनीस उठला होता. मोज्यांवरून फरशीवर घसरत, दाराची चौकट धरत तो चार नंबरमध्ये पोचला. खोलीत कुणी नव्हतं. चहावर साय धरली होती. खाटेखाली त्याचे बूट होते. उशीत डोक्याचा खळगा होता. तो त्याचाच, हे आठवायला त्याला क्षणभर लागला. खिडकीबाहेर थांब्याचा बाक रिकामा होता.

मावशी मागोमाग आल्या. त्यांनी बटण दाबून घंटा बंद केली, उशी थोपटून खळगा मोडला, चादरीचा कोपरा ओढला आणि खाटेकडे वाकून विचारलं, "काय हवंय, काका?" आणि थांबल्या. उत्तरासाठी माणूस थांबतो तेवढ्या थांबल्या.

"बोलतात का कधी?" तपासनिसाने हळू आवाजात विचारलं.

"असं काय करता साहेब? मेलेत ते."

"मग थांबता कशाला?"

मावशी चादर नीटच करत राहिल्या, नीट असलेली. "काका गेले त्या दिवशी पण वाजली होती. अशीच. मी व्हरांड्यात चादरी घडी करत होते. म्हटलं, आले. आणि हातातली तेवढी घडी पुरी केली. एकच हो, चादरीची." त्यांनी कोपरा गादीखाली खोचला. "ते काही रागावून वाजवत नाहीत आता. रागावले असते तर कळलं असतं मला. आहे का कुणी, एवढंच बघतात."

तपासनीस उभा होता. मघाशी छताकडून आलेला आवाज आता नव्हता. खोली नुसती खोली होती: पांढरी, न कुरकुरणाऱ्या पंख्याची, हाताशी पाणी असलेली.

"दुसरा कुणी आला या खाटेवर," त्याने विचारलं, "आणि तरी घंटा वाजली, तर?"

"तर काय? पळायचंच. आल्यावर बघू कुणी बोलावलं ते. निदान कुणीतरी असेल तरी."

व्हरांड्यात फोन वाजू लागला.

मावशींनी दोन्ही हातांनी गादी उचलून धरली होती. "ताई बहुतेक मागे गेल्यात. साहेब, घ्या ना जरा. तोच असेल. दुपारचाच करतो."

"मी?"

"मग मी काय सांगू त्याला? खाट रिकामी की भरलेली, ते तुम्हीच ठरवायला आलात ना?"

फोन भिंतीला लावलेला होता, चाकाच्या खुर्चीवरून हात पोचेल इतका खाली. तपासनिसाला वाकावं लागलं. त्याने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

पलीकडे आधी श्वास ऐकू आला. ओढलेला, मधेच थांबलेला, पुन्हा ओढलेला. हा श्वास भिंतीपलीकडून ऐकायची त्याला इतकी सवय होती की फोनवर तो फार जवळ वाटला.

"जागा आहे का?" घोगऱ्या आवाजाने विचारलं. हसत विचारलं. रोजच्यासारखं.

तपासनिसाला चार नंबरचं उघडं दार दिसत होतं. दारातून खाट, खाटेपलीकडे खिडकी, खिडकीत थांबा. पिशवीवाली बाई परत आली होती. बस चुकवून, की बसमधून उतरून, ते कळत नव्हतं. ते आता कुणीतरी बसून ठरवायला हवं होतं.

"आहे," तो म्हणाला.

पलीकडचं हसू थांबलं. श्वासही थांबल्यासारखा वाटला. मग तोच आवाज, पण अगदी हळू, झोपला असशील तर राहू दे, असा:

"जागा आहेस का?"

एक 'स' वाढला होता. बाकी सगळं तेच.

"आहे, दादा," तपासनीस म्हणाला. "पहिल्यापासून."

पलीकडे हसू फुटलं आणि हसता हसता ठसका लागला. तो थांबेपर्यंत तपासनीस रिसीव्हर कानाशी धरून तसाच वाकून उभा राहिला, मोज्यांवर. चार नंबरमधून मावशी त्याचे बूट हातात घेऊन आल्या आणि त्याच्या पायांशी, जोडीने, नीट ठेवून परत गेल्या.